समुद्रातली मासोळी खारट नसते

माय, समुद्रातली मासोळी खारट नसते. आपल्या दोघांचा हा वाद अर्धाच राहिला होता, आणि तो आता मी जिंकलो आहे. तू नाहीस म्हणून काय झालं, जिंकलो ते जिंकलो. उन्हाळ्यात तलाव आटले की तू गोंदियाहून सुकट आणि सुक्या बोंबलांचं पोतं आणायचीस आणि जवळच्या आपल्या गोरेगावच्या बाजारात विकायला बसायचीस. समुद्राची मासोळी म्हणून तू जन्मभर तेवढंच पाहिलं, वाळलेलं, कडक, मिठानं पांढरं पडलेलं. मी सांगायचो की ते मीठ वरून लावतात, टिकावं म्हणून. तू मानायची नाहीस. "समिंदराचं पानीच खारं हाय, तं त्यातली मासोरी बिनमिठाची कशी राहीन गा? लोनच्यातली फोड गोड राहते का?" मी म्हणायचो, तसं नसतं. तू म्हणायचीस, "तू पाहून आला का?" आणि तिथं वाद अडायचा, कारण मी पाहून आलो नव्हतो. आता पाहून आलो आहे. कसा गेलो, कशासाठी गेलो, हे सांगतो. तुला वाचता येत नव्हतं, तेव्हा हे कागदावर उतरवून कुठं पाठवायचं हा प्रश्नच नाही. पण एकटा बसून तोंडानं बोललो तर तुझी सून विचारेल, कोनासोबत बोलून राहिले जी? म्हणून लिहितो.

तू गेलीस तेव्हा मी बस स्टँडजवळच्या टपरीत गाड्यांच्या नंबर प्लेटा आणि मोटारसायकलच्या टाक्या रंगवत होतो. पुढं सगळ्यांच्या नंबर प्लेटा एकाच सरकारी छापाच्या यायला लागल्या आणि ते काम बसलं. हवेच्या दाबावर रंग फवारणारी पेनाएवढी बंदूक तेवढी हातात राहिली. एक दिवस मोबाईलवर एक परदेशी म्हातारा लाकडाची मासोळी कोरताना दिसला. तो काय बोलत होता ते एक अक्षर कळलं नाही. त्याचे हात काय करत होते ते सगळं कळलं. त्या दिवसापासून मी हेच करतो आहे. याला लूअर म्हणतात, म्हणजे गळाला लावायची लाकडाची मासोळी. बोट घेऊन खोल समुद्रात जाणारे हौशी लोक ती दोरीला बांधून लांब फेकतात आणि जोरानं ओढतात. खालून सुरमई येते, तिला वाटतं बांगडा पळतोय, आणि ती झडप घालते. तू विचारशील, लाकडाची मासोळी खाते कोण? खात नाही माय, खायला जाते. "म्हंजे लबाडी हाय," असं तू म्हणशील. आहेच लबाडी. पण सोपी नाही.

शिवणीचं लाकूड लागतं, सावलीत वाळलेलं. उन्हात वाळवलं तर आतून तडकतं आणि ते समुद्रात गेल्यावरच कळतं. कानशीनं, मग काचकागदानं अंग घडवायचं. एक कूस दुसरीपेक्षा केसभर जाड राहिली तर पाण्यात ती आडवी होते, दारू प्यायल्यासारखी. तोंडापासून शेपटीपर्यंत आरपार भोक पाडून न गंजणारी तार ओवायची आणि गळ त्या तारेला अडकवायचे, लाकडाला नाही. कारण मोठा मासा लागल्यावर लाकूड फुटलं तरी चालतं, तार सुटता कामा नये. पोटात शिसं भरायचं, अंगावर पोळ्या गुंडाळायचा चांदीचा कागद बसवायचा, त्यावर कानशीच्या दातांनी खवले उठवायचे, वर रंगाचे इतके पातळ हात मारायचे की खालची चांदी श्वास घेत राहिली पाहिजे. शेवटी डोळा, आणि त्यावर वॉर्निश. लोक बाहेरून तयार डोळे मागवतात. मी राळ ओतून स्वतः करतो. कारखान्यातल्या शंभर मासोळ्यांना एकच डोळा असतो, मला ते चालत नाही. हे सगळं मला कोणी शिकवलं नाही. हे मी सगळ्यांना सांगत असतो, आता तुलाही सांगितलं.

पण डोळ्याचं म्हणशील तर तुझा एक दिवस मला अजून बोटानं दाखवता येईल. बाजाराच्या दिवशी तू सकाळी स्वयंपाकघराच्या दारात बसलेली आहेस, पावशीच्या, म्हणजे विळीच्या, लाकडी पाटावर पाय रोवून, बाजूला राखेची टोपली. बाबांनी तलावातून आणलेल्या मासोळ्या तू एकेक उचलतेस, बोटानं कल्ला उघडून आत पाहतेस, पोट दाबतेस, मग तोंडासमोर धरून तिच्या डोळ्यात बघतेस, जशी काही तिची चौकशी करते आहेस. बरी असली की टोपलीत. नाहीतर राखेत घोळवून पावशीवर, आणि रात्री आपला रस्सा आणि भात. बाजारात इतर जणी कल्ल्यांना लाल रंग चोळायच्या, तू नाही. चांगुलपणा म्हणून नव्हे, घमेंड म्हणून. तुझ्या टोपलीपुढं कोणी नाक मुरडलं तर तू भांडायला तयारच असायचीस. त्या दिवशी एक हिंदीवाला साहेब, नुकताच बदलून आलेला, तुझी रोहू उलटीपालटी करून म्हणाला, "बाई, ये तो कल की है." तू मासोळी हातात घेतलीस आणि त्याच्या चेहऱ्यासमोर नेलीस, इतकी जवळ की तो मागं सरकला. "कल की? डोरा देखो साब. देख रही ना तुमको? कल की रहती तो तुमको कायको देखती?" साहेबानं खरंच त्या मासोळीच्या डोळ्यात पाहिलं, माय. सगळा बाजार हसत होता आणि तो माणूस रोहूकडे बघत होता. शेजारची सुकटवाली म्हणाली, "काय वो बाई, तुही मासोरी बोलते बी का?" तू म्हणालीस, "बोलते. पन तुह्यासारख्या लबाडासोबत नाई." साहेबानं दोन रोहू घेतल्या.

आता माझी गोष्ट ऐक. तलावातल्या मरळीसाठी मी लाकडाचे बेंडूक करतो, ते नागपूरच्या एकानं घेतले होते. त्यानं ते मालवणकडच्या एका बोटवाल्याला दाखवले. त्याचा फोन आला. हौशी लोकांना खोल समुद्रात गळ टाकायला घेऊन जाणं हाच त्याचा धंदा, आणि बोली अगदी सरळ. म्हणाला, "बेडूक फार सुंदर आहेत हो तुमचे. पण माझ्याकडे बेडकाला गिऱ्हाईक नाही. मला बांगडा करून द्या. या हंगामात माझ्या बोटीवर हातानं केलेलं लूअर ठेवायचं की कारखान्यातलं, ते मी तुमचा बांगडा बघून ठरवीन." मी हो म्हणून टाकलं. खरं सांगायचं तर तो बोटीचं ठरवत होता आणि मी माझं. इथं धानाच्या बांध्यांमध्ये बसून मी समुद्राची मासोळी घडवू शकतो, की मी आपला तलावापुरता कारागीर आहे, ते त्या एका बांगड्यावर ठरायचं होतं.

फोटोवरून काम करणाऱ्यांचा मला राग आहे. फोटो पाहून केलेली मासोळी फोटोसारखी दिसते, मासोळीसारखी नाही. म्हणून मी गोंदियाच्या मासळी बाजारात गेलो. थर्माकोलच्या पेटीत बर्फ, बर्फात बांगडे. पेटीवाला म्हणाला, "एकदम ताजा है भैया, आज ही उतरा है." मी तुझा मुलगा, मला कल्ला उघडायची गरजसुद्धा पडली नाही. नाक पुरलं. पण मला तो खायचा नव्हताच, पाहायचा होता. घरी आणून मापं घेतली, एकेक पट्टा कागदावर उतरवला, पाठीचा निळसर राखाडी रंग पाच वेळा मिसळून जुळवला, पोटाखालची पिवळट छटा सोडली नाही, डोळ्याभोवतीचं तांबडं कडंही सोडलं नाही. इतका नेमका बांगडा मी आजवर केला नव्हता. टपरीवर चहा प्यायला येणारे हात लावून बघायचे आणि बोटं हुंगायचे. मी तो नीट गुंडाळून पाठवून दिला.

बोटवाल्याचा फोन आला तेव्हा तो हसत होता. वाईट नाही, गोड हसत होता, म्हणून जास्त लागलं. "अहो, काम एक नंबर आहे. असं काम मी पाहिलेलं नाही. पण तुमचा बांगडा शिळा आहे." मी म्हटलं, लाकूड आहे ते, शिळं कसं होईल? तो म्हणाला, "दोन दिवस बर्फातला आहे तो. रंग बघा, डोळा बघा. माझ्या खलाशानं बघून विचारलं, हो बांगडो खंयच्या बाजारातलो? सुरमईला पळता बांगडा पाहिजे हो. मेलेल्याच्या मागं ती कशाला लागेल?"

माय, मी फोन ठेवला. शिळी मासोळी दहा पावलांवरून ओळखणाऱ्या बाईचा मुलगा मी, आणि मी मोठ्या निगुतीनं, एक पट्टा न चुकवता, शिळी मासोळी घडवली होती. चूक कशी झाली तेही लगेच कळलं. रोहूचा डोळा जिवंतपणीच तांबूस असतो ना, म्हणून बांगड्याचाही तसाच असेल असं मी धरून चाललो. शिळी आहे हे नाकाला कळत होतं, पण समुद्राच्या मासोळीची ताजी सूरत कशी असते हेच मला माहीत नव्हतं, तर तिच्यातून काय गेलं आहे ते कसं कळणार? तुझ्या सुकटीसारखंच झालं बघ. तू वाळलेली पाहिलीस आणि ठरवलंस की ती खारटच. मी मेलेली पाहिली आणि ठरवलं की ती राखाडीच. आपण दोघं एकाच घरचे. दुसऱ्या दिवशी मी त्याला फोन केला आणि म्हटलं, मला जिवंत बांगडा पाहायचा आहे. तो म्हणाला, "या की. त्यात काय."

दोन गाड्या बदलून गेलो. पिशवीत रंगाचं शेडकार्ड, एक काचेची बरणी, माझ्या रंग फवारायच्या बंदुकीच्या चार बाटल्या, आणि तुझ्या सुनेनं दिलेले तिखट मुरमुरे. समुद्र पाहिल्यावर माणसाला काहीतरी वाटतं म्हणतात. मला पहिलं हेच वाटलं की याला पाळ नाही. आपल्या तलावाला एका बाजूनं तरी मातीची पाळ असते, तिच्यावर उभं राहून माणूस सांगू शकतो की पाणी इथपर्यंत. इथं ते सांगायला कोणीच नव्हतं. पहाटे बोट निघाली आणि थोड्याच वेळात मी कठड्यावर वाकून मुरमुरे परत केले. खलाशी म्हणजे तिथला एक वाळका म्हातारा, कायम विडी ओढणारा. त्यानं माझ्या पाठीवर पाणी मारलं आणि विचारलं, "खंयचे तुमी?" मी म्हटलं, गोंदियाचा. "थय समुद्र आसा?" नाही, तलाव आहेत. पुष्कळ. "आणि तुमी समुद्रातलो मासो करतास?" हो. तो जरा विचार करून म्हणाला, "मी पण एकदा विमान बनवलंय. कागदाचा." बोटवाला इतका हसला की सुकाणू सोडून बसला. मी तोवर पुन्हा कठड्यावर वाकलो होतो.

मग त्यांनी बारीक गळांची माळ खाली सोडली. आमिषासाठी बांगडे तसेच धरतात. दोरी थरथरली, म्हाताऱ्यानं भराभर ओढली, आणि माझ्यासमोर चार बांगडे हवेत नाचायला लागले. माय, मी तुला काय सांगू. मी रंगाचा माणूस आहे. टाकीवरचा ओरखडा मिटवायला मी मूळ रंगाशी रंग असा जुळवतो की मालकाला जागा सापडत नाही. आणि मला त्या पाठीच्या रंगाला नाव देता येईना. हिरवा म्हणावा तर त्यानं कूस बदलली की निळा, आणि पट्ट्यांच्या कडेनं सोन्याची झाक, मोराच्या मानेवर असते ना तशी, पण ओली. मी ओल्या हातानं एक धरला आणि दुसऱ्या हातानं शेडकार्ड शेजारी नेलं. कार्ड उघडेपर्यंत रंग गेला. खोटं नाही सांगत. डोक्याकडून शेपटीकडे, जसं कोणी आतून दिवे मालवत जावं. माझ्या मुठीत तोच गोंदियाच्या पेटीतला बांगडा उरला, निळसर राखाडी, जो मी पाच वेळा रंग मिसळून जुळवला होता. मी दुसरा मागितला. तोही गेला. तिसरा मागितला. बोटवाला म्हणाला, "अहो, कार्ड धरून तो थांबणार आहे का तुमच्यासाठी?"

तेव्हा मी कार्ड पिशवीत टाकलं. एका बादलीत समुद्राचं पाणी घेतलं, पुढचा बांगडा हात न लावता गळावरून थेट त्यात सोडायला सांगितला, आणि काचेची बरणी बुडवून तिच्या बुडातून पाहत राहिलो. बोट हलत होती, पण नजर हलू दिली नाही. डोळ्याला तांबडं कडं नाहीच. फिकट सोन्याचं कडं आहे, आणि सगळ्या डोळ्यावर पुढून मागून एक पारदर्शक पडदा, जसा काही कोणी आधीच वॉर्निशचा जाड थेंब सोडला आहे. मी सरकलो, माझी सावली बादलीवर पडली, आणि तो डोळा वळला. माझ्याकडे. तो साहेब तुझ्या रोहूकडे इतका वेळ का पाहत बसला होता, ते मला त्या बादलीवर वाकल्यावर समजलं.

दुपारी म्हाताऱ्यानं बोटीवरच कालवण लावलं. तिरफळं, कोकम, तिखट. माझं पोट रिकामंच होतं, एक घास घेतला आणि थांबलो. म्हटलं, याला मीठ नाही. म्हाताऱ्यानं चाखलं, कपाळावर हात मारला. "इसरलंय बघा!" मी म्हटलं, थांबा, टाकू नका. आणि तो संबंध बांगडा मी तसाच बिनमिठाचा खाल्ला, शेपटीपर्यंत. दोघं माझ्याकडे वेड्याकडे पाहावं तसे पाहत होते. बोटवाला म्हणाला, "आवडला एवढा?" मी म्हटलं, आवडायचा प्रश्न नाही, घरी एक वाद आहे. त्यानं विचारलं, कोणाशी? मी म्हटलं, आईशी. त्यानं सहज विचारलं, "मग जिंकलात की काय?" मी हो म्हटलं. माय, अळणी होता तो. अगदी अळणी. जन्मभर खाऱ्या पाण्यात राहून पठ्ठ्यानं मिठाचा कणसुद्धा अंगाला लागू दिला नव्हता.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसलो होतो. एक गोष्ट तुला सांगतो, ती कोणाला सांगण्यासारखी नाही. तू गेलीस त्यानंतर तुला आठवायचं म्हटलं की दवाखान्यातली ती लोखंडी खाटच यायची. पिवळे पडलेले डोळे, सुकलेले ओठ, नाकातली नळी. त्याच्या आधीचं काही येतच नसे. मी कितीदा प्रयत्न केला असेल. बाजार आठवायचो, तिथं बाजार यायचा, टोपली यायची, साहेब यायचा, तू मात्र दवाखान्यातलीच त्या टोपलीमागं बसलेली असायचीस. मला वाटायचं, शेवटचं पाहिलेलं हेच खरं आणि तेच राहतं. गाडी वर्धा सोडून पुढं निघाली होती, समोरची बाई संत्री सोलून मुलीला फोडी देत होती, मी काही आठवायचा प्रयत्नही करत नव्हतो. आणि तू आलीस. गालावर खवला चिकटलेला, पदर कमरेला खोचलेला, तोंडात तंबाखूचा खर्रा, आणि त्या सुकटवालीवर ओरडते आहेस की तुझ्या पोत्याचा वास माझ्या टोपलीवर येऊन राहिला, सरकव तिकडे. नीट बघितलं मी. हलायची हिंमत झाली नाही. समोरच्या बाईनं विचारलं, "संत्रा घेता का भाऊ?" मी हातानंच नाही म्हटलं, बोललो असतो तर तू गेली असतीस.

घरी आल्यावर नवा बांगडा घडवायला बसलो. लाकूड तेच, शिवण. पण आणखी एक गोष्ट त्या बोटीवर शिकलो होतो. खाऱ्या पाण्यात वस्तू जास्त तरंगते, म्हणून बोटवाल्यानं माझा पहिला बांगडा ओढून दाखवला तेव्हा, आपल्या तलावात बरोबर चालला असता तो तिथं वरवर उड्या मारत होता. तेव्हा मी पोतंभर जाडं मीठ आणून ड्रममध्ये कालवलं आणि त्यात शिशाचा तोल ठरवला. शेजारचा ड्रमवर वाकून म्हणतो, "काय गा, लाकडाचं लोनचं घालून राहिला का?" मी म्हटलं, तुला नाही कळायचं. "मले नाई कळत, पन आंबे टाकजो थोडेसे, वाया नको जाऊ देऊ." तुझी सून आतून हसली. हसू दे. चांदीचा कागद या वेळी सबंध न लावता पाठीवर विरळ केला. हिरव्यावर निळा मारला, आणि वरून मोटारसायकलच्या टाक्यांना वापरतात ती सोनेरी भुकटी, वॉर्निशमध्ये इतकी थोडी की सरळ पाहिलं तर दिसू नये, कूस बदलली तरच दिसावी. डोळे सात वेळा ओतले. सहा जोड्या फेकल्या. सातव्याला सोन्याचं कडं बसलं आणि वरचा पडदाही बसला. मग संध्याकाळी पाळीवर गेलो, गळ न लावता दोरीला बांधून तो तलावात टाकला आणि ओढत चाललो. पाणी गढूळ, वर शेवाळ, आणि त्यातून तो समुद्राचा बांगडा अंग मोडत पळत होता, कूस बदलत, हिरवा, निळा, हिरवा. मी पाळीच्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. तुझी सून धुणं सोडून उभी राहून पाहत होती. म्हणाली, "हा बरा जमला. आता पाठवा जी."

ते काही दिवसांपूर्वीचं. तो बांगडा आता माझ्यासमोर खुंटीला टांगलेला आहे. बोटवाल्याचे फोन येतात. त्याचा हंगाम सुरू झाला आहे, तो घाई करणार, त्याचं बरोबर आहे. "झाला का हो?" मी सांगतो, झाला, पण इकडे हवा दमट आहे, वॉर्निश सुकत नाही. "अजून नाही?" अजून नाही. कारखान्यातली पेटी त्यानं मागवून ठेवली आहे, असंही परवा सहज बोलून गेला.

वॉर्निश केव्हाच सुकलं आहे, माय. नखानं वाजवलं तर काचेसारखं वाजतं. हा बांगडा जिवंत आहे असं मी गावभर सांगितलं, शेजाऱ्याला, टपरीवर, फोनवर त्यालाही. सगळ्यांनी मान्य केलं. सुरमईला मात्र अजून कोणी सांगितलेलं नाही, आणि ती कोणाचं ऐकून मानत नाही. ती खालून येईल, एकदा बघेल, आणि खरा वाटला नाही तर नुसतं तोंड फिरवून निघून जाईल. मग मला शिळा कुठं झाला हे सांगायला कोणी नसेल. तू असतीस तर हातात घेऊन एका नजरेत सांगितलं असतंस, वर दोन शिव्याही दिल्या असत्यास, आणि मी भांडलो असतो तुझ्याशी. आता खोका समोर आहे, कापूस भरलेला आहे, पत्ताही लिहून झाला आहे. वॉर्निशचं मी खोटं सांगून राहिलो. मले भेव लागून राहिला, माय.